खलबत्ता आणि कायमचा ब्लॉक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एरवी मी हे सांगायला लागलो की अश्विनी, म्हणजे माझी बायको, मध्येच तोंड घालते आणि मी शिताफीनं गाळलेले तपशील सांगून टाकते. आज ती बाहेर गेलीये. तेव्हा चहा घ्या, बिस्किटं घ्या, आणि मी किती मोठी माती खाल्ली ते ऐका.

मी नितीन. मूळचा चिंचवडचा, आता न्युरेम्बर्गचा. एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि लेखी कळवायच्या, ह्याचा मला पगार मिळतो. हे जरा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ ह्या सवयीतून झालाय. मी वाईट हेतूनं काहीच केलं नाही हो. सगळं नियमाला धरून केलं, आणि तिथेच तर फसलो.

तर इंटरनेटवर एक शब्दकोश आहे. जगभरातली माणसं आपल्या मर्जीनं त्यात शब्द भरतात. मी मराठी शब्द भरायचो. अश्विनी म्हणायची, घरातल्या कुंडीला पाणी घालायला तुला वेळ नाही आणि जगाला 'कोथिंबीर' समजावत बसतोस. मी दुर्लक्ष करायचो.

एका रविवारी दुपारी ती खिचडीसाठी दाणे कुटत होती. पितळी खलबत्त्यात, जो तिच्या आईनं बॅगेत कपड्यांच्या मधोमध बांधून दिलेला. मी दोनदा म्हटलं, "अगं, रविवार आहे. रुहेत्साइट आहे, शांतता पाळायची वेळ. इथे रविवारी भिंतीत खिळा मारला तरी शेजारी पत्र लिहितात."

"मिक्सरमध्ये पीठ होतं," ती म्हणाली, आणि कुटत राहिली.

बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ झुसमान. वय चौऱ्याऐंशी, ताठ कणा, केसांना जाळी. चार वर्षांत आमच्यात 'गुटेन टाग'पलीकडे बोलणं झालेलं नव्हतं. मी माफीचं वाक्य जर्मनमध्ये जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "पितळेचा आहे का?"

अश्विनी खलबत्ताच घेऊन पुढे आली.

फ्राऊ झुसमान खुर्चीवर बसल्या, तो मांडीवर घेतला, बत्ता हातात धरून खलात हळूच तीनदा वाजवला. मग म्हणाल्या, "श्टेसल. आमच्याकडे होता. आई दर शुक्रवारी सकाळी कुटायची. हा आवाज मी फार वर्षांनी ऐकला."

श्टेसल हा यिडिश शब्द. यिडिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांची घरातली भाषा. कानाला जर्मनच्या जवळची, पण लिहितात हिब्रू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे. फ्राऊ झुसमान नव्वदच्या दशकात मोल्दोवातल्या एका लहानशा गावातून इकडे आल्या होत्या.

अश्विनीनं विचारलं, "आजी, इथे तुम्ही ती कुणाशी बोलता?"

"कुणाशीच नाही. प्रार्थनेला येतात ते सगळे रशियन बोलतात."

आता बघा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? दोन सुखदुःखाच्या गोष्टी केल्या असत्या. मी लॅपटॉप उघडला. शब्दकोशात शोधलं तर 'श्टेसल' हा शब्दच नव्हता. मी फ्राऊ झुसमानना म्हटलं, "आपण हा घालू या."

तिथून आमचे रविवार सुरू झाले. तीन वाजता मी खाली जायचो. त्या काचेच्या पेल्यात चहा द्यायच्या, सोबत चेरीचा मुरंबा, आणि शब्द सांगायच्या. मी महिनाभर घासून ती लिपी शिकलो. हळूहळू साधी वाक्यं जर्मनच्या आधारानं कळायला लागली. आणि खरं सांगतो, मला त्या दीड तासाची ओढ लागली होती. त्यांनाही लागली असावी, कारण अडीच वाजल्यापासून खालून पेल्याबश्यांचा आवाज यायचा.

शब्दकोशाचा एक नियम आहे. नुसता अर्थ लिहून भागत नाही, शब्द वापरलेलं एक वाक्य लागतं. ते मनानं रचलेलं नको, बोलणाऱ्याच्या तोंडचं हवं. खाली बोलणाऱ्याच्या गावाचं नाव लिहायचं, व्यक्तीचं नाही. नियम म्हटला की मी विचारत नाही कशासाठी.

मी म्हणायचो, "फ्राऊ झुसमान, 'कांदा' घालून एक वाक्य सांगा." त्या खिडकीकडे बघून क्षणात सांगायच्या: "ती कांदा चिरताना रडते, बाकी कशानं रडत नाही."

दुलई: "चांगली दुलई तिनं घेतली, मला मिळाली तिची पिसं बाहेर येत होती."

खलबत्ता: "आई गेली त्याच आठवड्यात तिनं खलबत्ता उचलून नेला."

ही 'ती' कोण, असं तुम्ही लगेच विचारलं असतं ना? मी दीडशे शब्द झाले तरी विचारलं नाही. मला वाटलं, आपल्या पुस्तकात राम आंबा खातो तशी यिडिशमधली ही 'ती' असेल. मी प्रत्येक वाक्य इमानेइतबारे टाइप करायचो, खाली जर्मन भाषांतर द्यायचो, गावाचं नाव लिहायचो आणि अख्ख्या जगासमोर मांडायचो.

एकदाच त्या अडखळल्या. शब्द होता 'ब्रोयगेझ'. म्हणाल्या, "दोन माणसं एकमेकांशी बोलायचं सोडतात, पण एकमेकांना सोडत नाहीत, ते."

"अबोला," मी म्हटलं. "आमच्याकडे त्याला एक शब्द आहे. अबोला."

त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग वाक्य सांगितलं: "आम्ही ब्रोयगेझ आहोत. सुरुवात तिनं केली." मी लिहून घेतलं आणि मुरंबा खाल्ला.

साधारण फेब्रुवारीत गडबड सुरू झाली. सोमवारी ऑफिसातून येऊन बघतो तर 'खलबत्ता' बदललेला. माझं वाक्य कुणीतरी खोडून तिथे लिहिलं होतं: "आईनं जिवंतपणी, स्वतःच्या हातानं खलबत्ता तिला दिला. दुसरी तेव्हा स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत होती."

मी जुनं वाक्य परत आणलं. तासाभरात ते पुन्हा गेलं.

मंगळवारी 'दुलई': "दोन्ही दुलयांची पिसं बाहेर येत होती." बुधवारी 'ब्रोयगेझ': "सुरुवात दुसरीनं केली." गुरुवारी 'कांदा': "ती रडते. दुसरीला दिसलं नाही, कारण दुसरी कधी आली नाही."

कुणाही माणसाला हे वाचून काहीतरी कळलं असतं. चिंचवडला घरकाम करणाऱ्या आमच्या मावशींना कळलं असतं. मी मात्र टेस्टर. मला दिसलं ते एवढंच, की नोंदणीकृत नाव नाही, स्रोत नाही, पुन्हापुन्हा तीच कृती. म्हणजे उपद्रव. माझ्या आजींच्या शब्दांना कुणीतरी हात लावतंय ह्याचा मला मनापासून राग आला होता, हेही सांगायला हवं. त्या वाक्यांवर मी पहारा बसवला. बदल झाला की फोन वाजेल अशी सोय केली. मीटिंगमध्ये फोन वाजायचा आणि मी टेबलाखाली कांदा पूर्ववत करायचो.

पंधरा दिवसांनी मी रिपोर्ट लिहिला. नऊ पानी. तारीख, वेळ, मूळ वाक्य, बिघडवलेलं वाक्य, शेरा. 'कांदा'पुढे मी शेरा लिहिला: "भावनिक, अर्थाशी असंबद्ध." वर ठळक अक्षरांत, गांभीर्य: उच्च.

तो गेला शब्दकोशाच्या व्यवस्थापकाकडे. हा हाम्बुर्गचा कुणी गृहस्थ, तिथे स्वतःला 'लेझेब्रिले', म्हणजे वाचायचा चष्मा, म्हणवतो. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, पण दोन भाषांमधल्या चुका तो आंघोळ करतानाही शोधत असणार. त्याचं उत्तर आलं: "तर, प्रकरण स्पष्ट आहे. आदर्श रिपोर्ट. संबंधितास कायमचं ब्लॉक केलं आहे."

आदर्श रिपोर्ट. आमच्या कंपनीत अकरा वर्षांत मला असं कुणी म्हटलेलं नाही. माझी छाती अशी फुगली की अश्विनीनं विचारलं, प्रमोशन झालं का.

रविवारी मी केक घेऊन खाली गेलो. मुद्दाम, आनंदाची बातमी म्हणून. सगळी हकीकत रंगवून सांगितली. फ्राऊ झुसमान शांतपणे ऐकत होत्या. मी म्हटलं, "ऐका तर खरं, काय काय लिहायचा तो," आणि लॅपटॉपवरून ती वाक्यं मोठ्यानं वाचायला लागलो. खलबत्ता, दुलई, ब्रोयगेझ. थोडा नाट्यमय आवाजही काढला. आता ते आठवलं की मला स्वतःला लपवून ठेवावंसं वाटतं.

'कांदा' वाचला तेव्हा त्यांनी हात वर केला. "पुन्हा वाचा."

मी वाचलं.

"पुन्हा."

मी तिसऱ्यांदा वाचलं. ह्या वेळी आवाज काढला नाही.

"तिकिटाच्या रांगेत मी होते," त्या म्हणाल्या. "ते खरं आहे. चार तास उभी होते. हे माझ्या बहिणीनं लिहिलंय, हेर नितीन. मान्यानं. आई गेली त्या आठवड्यानंतर आम्ही बोललेलो नाही. पंचवीस वर्षं होऊन गेली."

मी लॅपटॉप अर्धवट मिटला.

"तुम्ही तिला काय उत्तर दिलंत?" त्यांनी विचारलं.

"उत्तर नाही दिलं. ब्लॉक केलं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आता तिला तिथे काही लिहिता येणार नाही."

"कधीपर्यंत?"

अहो, त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी लॅपटॉपसकट आत गेलो असतो. "कायमचं," मी म्हटलं.

त्यांनी केकची बशी हळूच माझ्याकडे सरकवली. "माझी बहीण एकदाची बोलली," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही तिचं तोंड बंद केलंत."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त उठल्या आणि खिडकी लावून घ्यायला गेल्या.

मी तसाच वर आलो आणि लेझेब्रिलेला लिहिलं. चूक झाली, कृपया ब्लॉक काढा, ही व्यक्ती त्याच गावची आहे, दोघी बहिणी आहेत, हे त्यांचं घरगुती भांडण आहे. अगदी कळकळीनं, आईचा उल्लेख करून लिहिलं. उत्तर सोमवारी सकाळी आलं. ब्लॉकविरुद्धचा अर्ज सहा महिन्यांनीच विचारात घेतला जातो. आणि जर ही वाक्यं घरगुती भांडणाची असतील, तर दुसऱ्या बोलणाऱ्या व्यक्तीच्या दुजोऱ्याशिवाय ती शब्दकोशात राहू शकत नाहीत. पंधरा दिवसांत दुजोरा न मिळाल्यास सर्व वाक्यं काढली जातील.

म्हणजे एकीचं तोंड मी रिपोर्ट लिहून बंद केलं, आणि दुसरीचं माफी मागून. दुजोरा देऊ शकेल अशी त्या गावची एकच व्यक्ती मला माहीत होती, आणि तिला मी ब्लॉक केलं होतं.

उत्तराच्या खाली एक जोड होती: ब्लॉक झालेल्या व्यक्तीनं जाता जाता लिहिलेली एक ओळ. "मी ऐंशी वर्षांची आहे. आमच्या गावाचं नाव शोधताना ही वाक्यं सापडली. मी उपद्रव करत नाही. मी त्या वाक्यांतली 'ती' आहे."

ती ओळ मी अश्विनीला वाचून दाखवली. तिनं कपाळावर हात मारून घेतला नाही, ओरडलीही नाही. फक्त विचारलं, "ह्या बाई राहतात कुठे?"

"असतील अमेरिकेत, नाहीतर इस्राएलमध्ये."

"विचारलंस?"

अर्थातच विचारलं नव्हतं. आम्ही दोघं खाली गेलो. फ्राऊ झुसमाननी दार उघडलं, अश्विनीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.

"आजी, तुमची बहीण कुठे असते?"

"फ्युर्थमध्ये."

फ्युर्थ. आमच्या स्टेशनवरून उ-बाननं, म्हणजे मेट्रोनं, वीस मिनिटं. मी तिथे केस कापायला जातो.

"तिसरा मजला," त्या पुढे म्हणाल्या. "बाल्कनीत तीन कुंड्या आहेत. मधली गेल्या वर्षी वाळली."

"हे तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"मी कधीकधी त्या रस्त्यानं जाते."

फोन करा म्हटलं, तर नाही. चिठ्ठी लिहा म्हटलं, तर नाही. "मी का? तिनं आधी यायचं." पंचवीस वर्षांचा हट्ट तो, माझ्यासारख्यानं केलेल्या विनवण्यांनी थोडाच हलणार. तेव्हा अश्विनी अगदी साधेपणानं म्हणाली, "तुम्ही जाऊच नका, आजी. माफी नितीनला मागायचीये. पण ह्याचं यिडिश तुम्हाला माहीतच आहे. काहीतरी भलतंच बोलून बसेल. तुम्ही नुसत्या दुभाषी म्हणून गेलात तर?"

"दुभाषी म्हणून," फ्राऊ झुसमान म्हणाल्या. "मी माझ्यातर्फे काही बोलणार नाही."

"गेनाऊ, अगदी तसंच," अश्विनी म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. फ्राऊ झुसमाननी चांगला कोट घातला होता, आणि गाडीत त्यांनी पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली होती. मी लॅपटॉप घेतला होता. का, ते विचारू नका, त्याशिवाय मला हात कुठे ठेवावे कळत नाही.

दार मान्यानं उघडलं. तीच उंची, तीच केसांची जाळी. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दोघींनी एकदमच माझ्याकडे बघितलं.

मी पाठ केलेली माफी म्हटली. फ्राऊ झुसमाननी ती शब्दशः यिडिशमध्ये सांगितली. मान्याबाई माझ्याकडे बघून उत्तरल्या, "आत या. आणि दुभाषी बाईंना सांगा, दारात वारा येतो."

आत फडताळावर तो होता. पितळी, कडेला पोचा गेलेला, घासून लख्ख केलेला.

फ्राऊ झुसमान त्याच्याकडे पाठ करून बसल्या. "हेर नितीन, लिहा," त्या म्हणाल्या. "श्टेसल. तिनं तो ठेवून घेतला."

"लिहा," मान्याबाई गिटेलकडे, म्हणजे फ्राऊ झुसमानकडे, न बघता म्हणाल्या. "आई म्हणाली, गिटेल एका सुटकेसनिशी परदेशी निघालीये, पितळ कुठे वाहून नेईल. तिचं स्वतःचं स्वयंपाकघर होईपर्यंत तू सांभाळ."

मी टाइप करत होतो. खरंच करत होतो. दोन म्हाताऱ्या माणसांचं आयुष्य माझ्यासमोर उसवत होतं आणि मी अक्षरं उजवीकडून डावीकडे नीट बसताहेत का ते बघत होतो.

"मग दिला का नाहीस?" फ्राऊ झुसमाननी विचारलं. हे वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं नाही.

"तू मागितला का नाहीस? मी रोज घासते तो. पाहुणी येईल म्हणून."

"मी खालून जायचे."

"मला माहीतेय. मधल्या कुंडीला मी पाणी घालायचं मुद्दाम बंद केलं. म्हटलं, ते बघून तरी वर येईल."

मग दोघी रडायला लागल्या, आणि तिथे कांदा नव्हता. मी लॅपटॉप बंद केला. त्या अख्ख्या प्रकरणात एवढी एकच गोष्ट मी कुणी न सांगता केली.

बऱ्याच वेळानं चहा आला, काचेच्या पेल्यात. तेव्हा मान्याबाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी बहिणीला काहीतरी विचारलं. फ्राऊ झुसमाननी माझ्याकडे प्रेमानं बघत एकच शब्द उच्चारला: "योल्ड." मान्याबाईंनी मान डोलावली. पंचवीस वर्षांत दोघींचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

"हा शब्द आपल्याकडे आहे का?" फ्राऊ झुसमाननी विचारलं.

मी बघितलं. नव्हता.

"मग लिहा," दोघी म्हणाल्या. अर्थ एकीनं सांगितला: ज्याला कुणी काहीही सांगावं आणि त्यानं मनोभावे तेच करावं असा माणूस. वाक्य दुसरीनं सांगितलं: "योल्डनं पंधरा दिवस पहारा करून चोर पकडला, आणि चोर म्हणजे माझी बहीण." गाव एकच, बोलणाऱ्या दोन. मी आधीच्या सगळ्या वाक्यांनाही दोघींचा दुजोरा घेतला आणि तिथूनच पाठवून दिलं.

लेझेब्रिलेचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. वाक्यं राहतील. मान्याबाईंचा ब्लॉक मात्र सहा महिने हलणार नाही, त्यामुळे आता त्या रविवारी उ-बाननं आमच्याकडे येतात आणि दोघींची वाक्यं मीच टाइप करतो. 'योल्ड'बद्दल त्यानं खास लिहिलं होतं: "उत्कृष्ट उदाहरण. ह्या माणसाची कल्पना डोळ्यांसमोर उभी राहते."

नोंदीत मराठी भाषांतराची जागा रिकामी होती. यिडिश आणि मराठी दोन्ही भरणारा तिथे मी एकटाच. मी 'साधाभोळा' लिहावं की 'सरळमार्गी' ह्या विचारात होतो, तेवढ्यात अश्विनी मागून वाकली आणि तिनं लिहिलं: बावळट ध्यान.

मी नियम उघडून पाहिले. भाषांतर मातृभाषा बोलणाऱ्यानं दिलेलं असावं, आणि शब्द घरात खरोखर वापरात असावा. दोन्ही अटी पूर्ण होत होत्या. मी सेव्ह केलं.